बालाघाटातील बी आणि परस : बीड जिल्ह्यातील सीताफळाचा इतिहास

बीड जिल्ह्यातील फळझाडांचा इतिहास मोठ्या बागांच्या नोंदींत शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. ज्या फळाने या जिल्ह्याला महाराष्ट्रभर ओळख दिली ते सीताफळ गेल्या काही दशकांपर्यंत येथे रांगांनी लावले जात नव्हते. डोंगराच्या उतारावर, शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठाने आणि घरामागच्या परसात ते बियांपासून उगवत आले, आणि ज्या हातांनी त्या बिया टाकल्या, राखल्या किंवा मुद्दाम पुरल्या त्या हातांची दखल दफ्तरांनी घेतली नाही. महसुली कागदांत पिकाखालची जमीन, विहीर, सारा आणि थकबाकी यांना जागा होती. परसातल्या दोडक्याच्या वेलाला, उकंड्यावर आपोआप आलेल्या भोपळ्याला किंवा बांधावरच्या सीताफळीला ती क्वचितच मिळाली. तरीही घरच्या घरी बी राखून त्यापासून झाड वाढवण्याची ही रीत बीडच्या शेतीच्या इतिहासाचा मोठा भाग आहे, आणि सीताफळाच्या आजच्या बाजारपेठेचा पाया तिनेच घातला आहे.

या रीतीला आकार दिला तो भूगोलाने. बालाघाटची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते आणि त्याचे दोन भाग करते: गेवराई, माजलगावकडचा गोदावरीच्या बाजूचा सखल, काळ्या जमिनीचा प्रदेश आणि पाटोदा, केज, अंबाजोगाईकडचे पठार. लोकांच्या बोलण्यात हे भाग ‘घाटाखाली’ आणि ‘घाटावर’ असे ओळखले जातात. मांजरा नदी याच रांगेत, पाटोदा तालुक्यात उगम पावते. डोंगरउतारावरची जमीन मुरमाड, म्हणजे खडकाच्या भुग्याची आणि पातळ थराची. तिच्यात पाणी ठरत नाही, आणि पाऊसही बेभरवशाचा, मोठ्या खंडाने पडणारा. अशा जमिनीत ज्वारी-बाजरीचेही उत्पन्न जेमतेम निघते, परंतु जे झाड एकदा मूळ धरल्यावर पाण्याची वाट न पाहता तगते आणि उन्हाळ्यात पाने गाळून स्वतःची तहान कमी करते, त्याला ती मानवते. सीताफळ हे तसे झाड आहे.

बागायतीची परंपरा बीडमध्ये नव्हती असे मात्र नाही. अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाच्या काळात बीड शहराजवळ बांधलेली खजाना विहीर आणि तिच्यातून भुयारी पाटाने शेतांना दिलेले पाणी हे दख्खनच्या जलव्यवस्थेचे एक उत्कृष्ट उदाहरण आहे, आणि त्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीत भाजीपाला व फळे पिकत आली. परंतु अशी सोय शहरालगतच्या मोजक्या जमिनीला लाभली. डोंगरातल्या गावांना आणि वस्त्यांना पाटाचे पाणी माहीत नव्हते. तेथे बाग म्हणजे न्हाणीचे सांडपाणी जेथवर पोचते तेथवरची जागा, आणि त्यापलीकडे जे काही उगवायचे ते पावसाच्या भरवशावर. बीडच्या फळझाडांचा इतिहास लिहिताना खजाना विहिरीसारख्या वास्तूंकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे, कारण त्या दगडात उभ्या आहेत. पण लोकसंख्येच्या फार मोठ्या भागाने झाडे वाढवली ती या दुसऱ्या, कोरड्या परंपरेत.

सीताफळाची रचना समजून घेतली तर बियांचे त्यातील स्थान स्पष्ट होते. वनस्पतिशास्त्रात ज्या फळाचे संपूर्ण आवरण मऊ व रसाळ असते आणि ज्यात आठळी नसते त्याला ‘मृदुफळ’ म्हणतात. द्राक्ष, टोमॅटो आणि वांगे ही मृदुफळेच आहेत. सीताफळ वरवर पाहता एक फळ वाटते, प्रत्यक्षात ते एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसरांपासून बनलेल्या लहान मृदुफळांचा एकजीव झालेला समूह असते, आणि अशा समूहाला ‘घोसफळ’ ही संज्ञा आहे. फळावरचा प्रत्येक फुगीर खवला, ज्याला लोक ‘डोळा’ म्हणतात, एका स्त्रीकेसराची खूण असतो. त्याच्या आत गराची एक पाकळी आणि बहुधा त्या पाकळीत एक काळी, चकचकीत बी असते. ज्या स्त्रीकेसराला पराग मिळत नाही त्याची वाढ खुंटते, आणि असे स्त्रीकेसर एका बाजूला जास्त झाले तर फळ वाकडे-तिकडे होते. भरपूर बिया आणि भरलेले गोल फळ या दोन गोष्टी त्यामुळे सीताफळात बऱ्याच अंशी बरोबरच येतात.

हे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले. पोर्तुगीजांच्या समुद्रप्रवासानंतर, सोळाव्या शतकापासून, ते भारतात पसरले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मलबारातील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलाबारिकस’ या १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या डच ग्रंथात त्याचे चित्र व वर्णन आहे, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते पश्चिम किनाऱ्यावर रुळले होते. लिनियसने १७५३ मध्ये त्याला ‘अनोना स्क्वामोसा’ हे शास्त्रीय नाव दिले. या कथनाला आव्हान देणारे पुरावेही पुढे आले आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहुतच्या स्तूपावरील शिल्पांत सीताफळ ओळखल्याचा दावा एकोणिसाव्या शतकात केला आणि त्यावर दीर्घ वाद झाला, कारण शिल्पातले खवलेदार फळ फणस किंवा कमळाचे बोंडही असू शकते. त्यापेक्षा अधिक विचारात घेण्याजोगा पुरावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा येथील उत्खननात मिळालेल्या जळक्या बियांची ओळख सीताफळाची बी म्हणून पटवण्यात आली आणि कार्बन कालमापनाने त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात ठरवण्यात आला. हे मत सर्वमान्य झालेले नाही. मात्र शिल्पावरून मिटू न शकलेला प्रश्न एका बीने पुन्हा उघडला ही बाब लक्षणीय आहे. बी कठीण असते, कोळसा होऊनही तिचा आकार टिकतो, आणि ज्यांनी काही लिहून ठेवले नाही अशा माणसांच्या आहाराची साक्ष ती देऊ शकते.

मराठवाड्यात हे झाड कोणत्या शतकात आले हा प्रश्न त्यामुळे बाजूला ठेवावा लागतो. कसे पसरले याचे उत्तर मात्र झाडातच मिळते. पिकलेले सीताफळ फार दूर नेता येत नाही. ते दोन-तीन दिवसांत मऊ होऊन फुटते. बी मात्र कोरडी करून वर्षानुवर्षे ठेवता येते आणि तिच्यातली उगवणशक्ती बराच काळ टिकते. बाजाराला निघालेला माणूस रस्त्यात फळ खाऊन बिया थुंकत जातो, गुराखी डोंगरात तेच करतो, माकडे, वटवाघळे आणि पक्षी गर खाऊन बी टाकतात. त्यात भर पडते ती आणखी एका गुणाची. सीताफळाच्या पानाला उग्र वास व कडवट चव असल्याने शेळ्या-मेंढ्या आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ज्या डोंगरांवर शेळ्यांची चराई अखंड चालते तेथे बहुतेक रोपटी दुसरा पावसाळाही पाहत नाहीत. सीताफळाचे रोप मात्र कुंपणावाचून वाढते. बालाघाटच्या उघड्या होत गेलेल्या उतारांवर इतर झाडे विरळ झाली आणि सीताफळ दाट झाले, याचे बरेचसे स्पष्टीकरण या एका गोष्टीत आहे.

पानात आणि बीत विषारी द्रव्ये असतात हे लोकांनी फार पूर्वीपासून ओळखले होते. जनावराच्या जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून भरणे, कोंबड्यांच्या खुराड्यात पिसवांसाठी पाला टाकणे, बियांची पूड उवांवर लावणे हे उपाय घरोघरी ठाऊक होते, आणि अलीकडे सेंद्रिय शेतीत वापरल्या जाणाऱ्या दशपर्णी अर्कातही हाच पाला असतो. बियांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, म्हणून जाणत्या बायका लहान मुलांच्या डोक्याला ती लावू देत नसत. याच द्रव्यांमुळे बीला कीड सहज लागत नाही, आणि घरात ती साठवणे सोपे जाते.

परसातल्या बियांची व्यवस्था हा या इतिहासाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. बीडच्या जुन्या घरांना माळवद असे, म्हणजे लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेले सपाट छत; दोडका, कारले, भोपळा आणि वाल यांचे वेल परसातून भिंतीवरून माळवदावर चढवले जात आणि फळे तेथेच वाढत. न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ किंवा कढीपत्ता, कोपऱ्यात शेवगा, कुंपणाला सीताफळ किंवा बोर, उकंड्याच्या कडेला भोपळा अशी ही मांडणी साधारणपणे आढळे. वेलावरचे पहिले चांगले, निकोप फळ खुडायचे नाही, ते बियाणाला राखायचे, हा दंडक असे. त्याला चिंधी किंवा दोरा बांधून ठेवत, म्हणजे घरातले कोणी ते चुकून तोडत नसे. दोडका वेलावरच वाळवून आढ्याला टांगत, चुलीच्या धुराने त्याला कीड लागत नसे, आणि पेरणीच्या वेळी टोक मोडून उलटा झटकला की बिया खाली पडत. भोपळ्याच्या व काकडीच्या बिया ताज्या शेणात कालवून त्यांची थापटी भिंतीला लावत. शेण वाळले की बी त्यात बंद होत असे. कडधान्यांच्या व भाज्यांच्या बिया चाळलेल्या राखेत मिसळून मडक्यात भरत आणि मडक्याचे तोंड शेणमातीने लिंपत. राख ओलावा शोषते आणि तिचे बारीक कण किडीच्या अंगाला खरचटतात, हे या पद्धतीमागचे कारण. मडक्यांच्या उतरंडीत कोणत्या मडक्यात काय आहे हे बहुधा घरातल्या एकाच बाईला नेमके ठाऊक असे, आणि ते ज्ञान सुनेकडे जाई.

लावणीचा काळही ठरलेला असे. वेलभाज्यांच्या बिया अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आळी करून टोचण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. आळे म्हणजे शेणखत घालून केलेला गोल, खोलगट वाफा. थोड्या पाण्यावर ती रोपे तग धरतात आणि जूनमध्ये मृग नक्षत्राचा पाऊस आला की वेगाने वाढतात. नवरात्रात घट बसवताना शेतातली काळी माती आणून तिच्यात घरचे धान्य पेरतात, आणि त्या घटाची उगवण पाहून जुनी माणसे येणाऱ्या हंगामाविषयी अंदाज बांधतात. हा मुळात देवीच्या उपासनेचा विधी आहे, आणि त्याला बीजपरीक्षेचे रूप देणे त्याच्या अर्थाला तोकडे करणे ठरेल. तरीही साठवणीतले धान्य उगवते की नाही हे रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातल्या प्रत्येकाच्या नजरेस पडे, ही वस्तुस्थिती आहे.

सीताफळाची बी या सगळ्यांत हट्टी. पिकल्या फळातून काढलेली ताजी बी लगेच पेरली तरी ती झटपट उगवत नाही, कारण तिचे कवच टणक असते आणि आतला अंकुर बी पक्व होतेवेळीही अगदी लहान, अपुरा वाढलेला असतो. तो कवचाच्या आतच काही काळ वाढतो आणि मगच बाहेर पडतो. उगवणीला साधारण महिना-दीड महिना, कधी त्याहून अधिक काळ लागतो. बी धुऊन, सावलीत वाळवून, उन्हाळ्याच्या अखेरीस एक-दोन दिवस पाण्यात भिजवून पेरण्याची रीत या अडचणीतून निघाली. पाणी मधूनमधून बदलावे लागते, नाहीतर बी कुजते. आता रोपवाटिकांत यासाठी जिबरेलिक आम्ल हे वाढीला चालना देणारे संप्रेरक वापरतात. अंकुर जमिनीतून बाकदार होऊन वर येतो तेव्हा बीचे काळे कवच टोपीसारखे त्याच्या शेंड्यावर अडकलेले असते. हवा कोरडी असेल तर ते निघत नाही आणि आतली बीजपत्रे त्यात गुदमरतात; घाईने ओढून काढले तर शेंडाच तुटतो. म्हणून सकाळी त्यावर पाणी शिंपडून कवच मऊ होऊ देतात आणि ते आपोआप गळेपर्यंत थांबतात. परसातल्या फुटक्या घागरीत किंवा डब्यात वाढवलेले रोप पुढच्या पावसाळ्यात बांधावर नेऊन लावले जाई. काही जण रोपाच्या भानगडीत न पडता पहारीने भोक पाडून दोन-तीन बिया एकत्र टाकत आणि जोमदार रोप ठेवून बाकीची उपटत. तीन-चार वर्षांत झाडाला फळ येते, आणि बीपासून वाढणाऱ्या फळझाडांत हा काळ कमीच म्हणावा लागतो.

बीडच्या जीवनाशी या फळाचा सांधा आणखी एका कारणाने जुळला. दुष्काळ येथे नवा नाही. शके, संवत आणि सन बदलले तरी आठवणीत राहणारे दुष्काळ अनेक: १८९९-१९०० चा दुष्काळ इतका भीषण होता की पुढच्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली दिसली, आणि १९७२ चा तर आजही वयस्कांच्या बोलण्यात असतो. अशा वर्षी साठवलेले बियाणे खाऊन संपते, परसातले वेल वाळतात, आणि वाचतात ती फक्त खोल मुळांची झाडे. विसाव्या शतकात पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या ऊसतोडणीसाठी जिल्ह्यातून स्थलांतर वाढले आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन दिवाळीच्या आगेमागे कोयत्यासह बाहेर पडणाऱ्या टोळ्या हे बीडचे वास्तव बनले. जे कुटुंब वर्षाचे पाच-सहा महिने घरी नसते त्याचे परस पाण्यावाचून सुकणारच. सीताफळाला हिवाळ्या-उन्हाळ्यात पाणी लागत नाही. ते पावसाळ्यात फुलते, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, म्हणजे बहुतांशी टोळी निघण्याच्या आधी, पिकते, आणि खरिपाचे पैसे हाती येण्यापूर्वीच्या तंगीच्या दिवसांत बाजारात विकता येते. डोंगरातून फळे तोडून डालग्यात भरून धारूर, बीड किंवा अंबाजोगाईच्या बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला बसून विकणाऱ्या स्त्रियांची कमाई किती कुटुंबांना सणाला पुरली असेल याची गणना कुणी केलेली नाही. ती व्हायला हवी होती.

तोडणीचे ज्ञानही याच स्त्रियांजवळ. दोन खवल्यांमधली खाच रुंदावून तेथे पिवळसर, पांढरट रंग दिसू लागला म्हणजे ‘डोळे उघडले’. त्याआधी तोडलेले फळ नीट पिकत नाही, टणकच राहते किंवा काळे पडते, आणि उशीर केला तर झाडावरच तडकते व पाखरे खातात. डोळे उघडलेली फळे घरी आणून गवताच्या किंवा पाल्याच्या आढीत घालतात, आणि दोन-तीन दिवसांत ती खाण्याजोगी होतात.

बीपासून आलेल्या झाडांचा एक गुण असा की ती सगळी सारखी नसतात. सीताफळाच्या फुलात आधी स्त्रीकेसर तयार होतात आणि पराग नंतर झडतो. दोन्हींच्या वेळा एकमेकींशी जुळत नसल्याने एका फुलाचा पराग त्याच फुलाला सहसा उपयोगी पडत नाही, आणि परागाची ने-आण बारीक भुंगेरे करतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत आलेली फुले बहुतेक गळतात, पावसाळी दमट हवेत उमललेल्यांना फळे धरतात. वेगळ्या झाडाचा पराग मिळण्याची शक्यता असल्याने प्रत्येक बीत थोडा वेगळा वारसा येतो. एका बांधावरच्या तीन झाडांपैकी एकाचे फळ लहान पण अतिगोड, दुसऱ्याचे मोठे पण बियाळ, तिसऱ्याच्या गरात रवाळपणा अधिक, असे आढळते. लोक या फरकांना नावे देत नसत, परंतु कोणत्या झाडाची बी ठेवायची हे त्यांना कळत होते, आणि चांगल्या झाडाची बी पाहुण्याबरोबर दुसऱ्या गावी जात होती. शतकभर चाललेली ही निवड शास्त्रशुद्ध नव्हती, तरी ती निवडच होती.

संशोधकांनी तिचाच आधार घेतला. परभणी येथे १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. याच विद्यापीठाच्या अंबाजोगाई येथील सीताफळ संशोधन केंद्राने मराठवाड्यातील झाडांचा अभ्यास हाती घेतला, आणि धारूरच्या नावाने ओळखले जाणारे ‘धारूर-६’ हे वाण निवड पद्धतीने पुढे आले. निवड पद्धतीत नवा संकर केला जात नाही. आधीच अस्तित्वात असलेल्या असंख्य झाडांतून उत्तम गुणांचे एक झाड हेरतात आणि त्याची कलमे करून तेच झाड हजारो ठिकाणी वाढवतात. म्हणजे धारूरच्या नावाच्या या वाणामागे कोणा अनामिक माणसाने टाकलेली बी आहे. बीडप्रमाणेच हैदराबाद संस्थानाचा भाग असलेल्या तेलंगणातून आलेले ‘बालानगर’ हे वाणही मुळात असेच, रानातल्या व बांधावरच्या झाडांतून नावारूपाला आले. बीड १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होते.

बागांचा काळ त्यानंतरचा. १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळझाड लागवडीची योजना सुरू केली आणि खड्डे खणण्यापासून रोपांपर्यंतचा खर्च अनुदानातून मिळू लागल्याने कोरडवाहू शेतकऱ्याने सीताफळ, बोर, डाळिंब, आवळा, चिंच यांची शेतात रांगेने लावणी केली. बोरीच्या बाबतीत बदल फार झपाट्याने झाला: गावरान बोरीवर ‘उमराण’सारख्या जातीचा डोळा भरून तिला मोठ्या फळाची बोर बनवता येते, हे कळल्यावर बांधावरच्या जुन्या बोरीही छाटल्या गेल्या. डोळा भरणे म्हणजे हव्या त्या जातीच्या फांदीवरची एक कळी सालीसह काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणे. सीताफळात बियांची रोपे बराच काळ टिकून राहिली, कारण बीपासूनही लवकर फळ येते. पुढे सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील नवनाथ कसपटे यांनी पुढे आणलेले ‘एन.एम.के.-१’ किंवा गोल्डन हे वाण पसरले. त्याचे फळ मोठे, बिया कमी आणि तोडणीनंतर टिकाऊपणा अधिक, त्यामुळे दूरच्या बाजाराला ते सोयीचे ठरले. बीडमध्येही त्याच्या बागा झाल्या.

२०१६ मध्ये जिल्ह्यातील सीताफळाला ‘बीडचे सीताफळ’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन हा कायद्याने दिलेला हक्क असतो: एखाद्या वस्तूचे गुण ज्या प्रदेशातून येतात त्या प्रदेशाबाहेरच्या कोणाला ते नाव वापरता येत नाही. हे मानांकन एखाद्या बागायतदाराच्या शोधाला मिळालेले नाही. बालाघाटची मुरमाड जमीन, कमी पाऊस आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या जमिनीत उगवत आलेली झाडे यांनी घडवलेल्या गोडीला ते मिळाले आहे. म्हणूनच मानांकनानंतर डोंगरातली व बांधावरची बियांची झाडे तोडून तेथे एकाच वाणाच्या बागा करणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. कलमाची सर्व झाडे वंशाने एकच असतात, एखादा रोग किंवा किडीचा नवा प्रकार एकाला लागला की सगळ्यांना लागू शकतो, आणि पुढची निवड ज्यातून करायची ते वैविध्य एकदा तुटले की पुन्हा विकत मिळत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरच्या गावरान भाज्यांच्या बिया जमवून बियाणे बँक उभी केली आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाला. परसातल्या बियांची राखण हे राष्ट्रीय मोलाचे काम आहे याची ती मान्यता होती. सीताफळाच्या बाबतीत असा प्रयत्न बालाघाटात होण्याची निकड आहे, आणि तेथे तो अधिक सोपा आहे, कारण राखायचे ते उतरंडीच्या मडक्यात बंद नसून डोंगरावर उभे आहे.

कलमाच्या बागांनाही या बियांपासून सुटका नाही. सीताफळाचे कलम हवेत उभे राहत नाही. त्याला खालून मुळाचा भाग, म्हणजे खुंट लागतो, आणि तो खुंट बीपासूनच तयार करतात. गर काढून गोठवणाऱ्या प्रक्रिया केंद्रांत उरलेल्या किंवा डोंगरातल्या फळांतून काढलेल्या बिया धुऊन, वाळवून, भिजवून पिशव्यांत पेरल्या जातात. रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याचा शेंडा छाटून, खाच पाडून, तीत हव्या त्या वाणाची पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात आणि जोड प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. दुष्काळात तगण्याचा गुण बऱ्याच अंशी मुळांतून येत असल्याने खुंटासाठी डोंगरातल्या, पाण्यावाचून वाढलेल्या झाडांची बी निवडण्याकडे जाणत्या रोपवाटिकाचालकांचा कल असतो, आणि ऑक्टोबरमध्ये बालाघाटच्या उतारावरून फळे उतरू लागली की बियांची मागणीही त्याच वाटेने डोंगराकडे चढते.